घोट्याच्या वर चार बोटं

आयुष्यात मी सगळ्यात जास्त सुया टोचल्या त्या तिच्या अंगाला, आणि माझ्या अंगाला सगळ्यात जास्त टोचल्या त्या तिनं. ॲक्युपंक्चर शिकायचं तर कुणाच्या तरी अंगावर हात बसवावा लागतो. आमच्या वर्गात बाकी सगळे पुरुष, बायका आम्ही दोघीच. तेव्हा पहिल्या रविवारपासूनच ती माझी आणि मी तिची पेशंट झाले.

वर्ग नांदेडला एका शाळेच्या रिकाम्या खोलीत भरायचा. सर परभणीहून पहाटेच्या गाडीनं यायचे आणि आल्या आल्या फळ्यावर तो मोठा नकाशा टांगायचे. त्यात एक उघडा माणूस हात पसरून उभा, आणि त्याच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत रंगीत रेघा. फुफ्फुसाची रेघ, जठराची रेघ, मूत्रपिंडाची रेघ. सर त्यांना मेरिडियन म्हणत. या रेघांतून जीवनशक्ती वाहते, ती कुठं अडली की दुखणं, आणि रेघेवरच्या नेमक्या ठिकाणी सुई दिली की वाट मोकळी, असं चिनी लोक हजारो वर्षं मानत आले, असं सर सांगत. मला ते पहिल्यांदा काही उमगलं नव्हतं. तिला मात्र लगेच कळलं. ती मुखेडकडच्या शेतकऱ्याची लेक. मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "अगं, दारं धरणं हाय हे. पाटाचं पाणी एका वाफ्यात तुंबलं की आपण काय करतो? कुदळीनं बांध फोडून दुसरीकडं काढून देतो. तसंच." तेव्हापासून तो नकाशा मला कधी अवघड गेला नाही.

मी गादीवाल्यांच्या घरातली. जुन्या नांदेडात अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे, त्यांच्या अब्बांपासूनचं. माझा निकाह झाला होता, टिकला नाही, आणि मी परत माहेरी आले होते. रिकामी बसले की अम्मी माझ्याकडे बघून उसासे टाकायची. त्याच वेळी अब्बांचा खांदा धरला. हात वर जाईना, कापूस पिंजायचं बंद पडलं. कुणीतरी या सरांचं नाव सुचवलं, आणि सुयांनी म्हणा, व्यायामानं म्हणा, अब्बांचा हात हळूहळू वर गेला. मी म्हटलं, हेच शिकायचं.

ती शिकायला आली ती घरातून बाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं म्हणून. हे तिनंच सांगितलं होतं. तिचा नवरा धर्माबादला मिरचीच्या व्यापारात होता. आठवड्यातले बरेच दिवस तिकडंच. घरी आला की त्याचे कपडे धुताना ती शिंकून शिंकून बेजार व्हायची. दोन मुली होत्या, आणि सासू. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची. नाव घ्यायच्या भानगडीत आम्ही दोघी कधी पडलो नाही. ती मला "ए डॉक्टर" म्हणायची, मीही तिला तेच म्हणायचे.

पहिली सुई मी तिच्या हाताला दिली, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसल भागात. मी सुई टेकवून थांबले. ती म्हणाली, "दे बिनधास्त. मी काय मरत न्हाई." सुई आत गेली आणि सर सांगायचे तसं झालं, मांसानं सुई धरली. गळाला मासा लागावा तशी बारीकशी ओढ बोटाला जाणवते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. असं हसणं मला नंतर कुणाबरोबर आलं नाही.

शिकून झाल्यावर आम्ही मिळून दवाखाना काढला. सायकलवाल्याच्या दुकानावरची माडी भाड्यानं घेतली. बाहेरच्या खोलीत बाकडं, आत पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टेबल. बायका यायला लागल्या. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या पायांना साखरेमुळं मुंग्या. चिकुनगुन्याची साथ येऊन गेल्यावर तर बाकड्यावर जागा नसायची. तिच्या सासूबाईही गुडघ्यांसाठी माझ्याकडे यायच्या, सुनेकडून घ्यायला त्यांना लाज वाटायची. मला "डॉक्टरीणबाई" म्हणायच्या. येताना कधी शेंगांची चटणी, कधी अंबाडीची भाजी आणायच्या, आणि अम्मी त्यांच्यासाठी रमजान ईदला शिरखुर्म्याचा डबा भरून द्यायची.

सरांनी एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसवली होती. बाई असली की सुई उघडायच्या आधी विचारायचं, दिवस गेलेत का. कारण काही बिंदू पोटुशीला द्यायचे नाहीत असा जुना नियम आहे. त्यातला एक हाताचा, तोच मी पहिल्यांदा तिला दिलेला. दुसरा पायाचा, आतल्या घोट्याच्या वर चार बोटं. यकृताची, प्लीहेची आणि मूत्रपिंडाची अशा तिन्ही रेघा तिथं एकत्र येतात. चार बोटं म्हणजे आपली नाही, ज्याला सुई द्यायची त्याची. सर म्हणत, "प्रत्येक अंगाचं माप त्याच अंगावर असतं." तिच्या घोट्यावरची ती जागा मला न मोजता सापडायची.

हा प्रश्न कसा विचारायचा, तेही मला तिनंच शिकवलं. मी सरळ विचारायचे आणि बाई सासूकडे बघून "न्हाई" म्हणायची. ती मला म्हणाली, "असं न्हाई विचारायचं. आधी सासूला बाहेर पाणी प्यायला पाठव. मग विचार. सासूसमोर कोण खरं बोलतं?"

त्या उन्हाळ्यात, दुपारी, वीज गेलेली. पंखा बंद, खाली सायकलवाल्याचा पंप फुसफुसत होता. बाकडं रिकामं होतं. ती आत आली आणि माझ्या टेबलावर सरळ आडवी झाली.

"डोकं लई धरलंय गं. दे काहीतरी."

मी सुयांची डबी काढली. तिनं हात पुढं केला. "हातात दे. अन् पायातबी दे, घोट्याच्या वर."

"डोक्याला पायात कशाला?"

"रात्रीची झोप न्हाई लागून राहिली. तिथं दिलं की लागते."

त्यात चूक काही नव्हतं. झोपेसाठी तो बिंदू आम्ही नेहमी द्यायचो. मी सवयीनं तिची नाडी धरली. चिनी पद्धतीत मनगटावर तीन बोटं ठेवून नाडीची जात ओळखायची असते. त्या दिवशी तिची नाडी माझ्या बोटांखाली घरंगळत होती. सर सांगायचे, ताटात मोती फिरावेत तशी. अशी नाडी भरपेट जेवल्यावर लागते, किंवा मग दिवस गेलेले असले की.

मी विचारलं, "दिवस गेलेत का गं तुला?"

तिनं एक डोळा उघडला आणि हसली. "येडी झालीस का? परवाच तर पाळी संपली. आत्ता जेवून आले, भाकरी अन् ठेचा. लई झालं. तेच लागून राहिलं तुझ्या बोटाला."

मी पण हसले. माझी बोटं एक सांगत होती आणि ती दुसरं. मी तिचं ऐकलं. ऐकू नये असं मला वाटण्यासारखं काहीच घडलं नव्हतं तोवर.

मी सुया दिल्या. ती डोळे मिटून पडून होती. थोड्या वेळानं म्हणाली, "फिरव अजून जरा."

"दुखेल."

"दुखू दे."

त्या आठवड्यात ती पुन्हा आली, परत तेच म्हणाली, मी परत तेच केलं. त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. फोनवर निरोप आला, ताप आलाय, चार दिवस पडून राहते, तू येऊ नको, घरात पाहुणे आहेत. अम्मीनं खिचडी आणि चिंचेचा खट्टा करून ठेवला होता, मी घेऊन निघणार होते. तिनं नको म्हटलं म्हणून राहिले.

मग एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. बाकड्यावर तीन बायका नंबर लावून बसल्या होत्या. तिच्या सासूबाई वर आल्या, गुडघे दुखत असूनही दमादमानं. मागं ती. डोक्यावरून पदर घेतलेला. तिला मी दवाखान्यात डोक्यावरून पदर घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा पांढराफटक.

"माझ्या सुनंला काय टोचलंस तू?" सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

"मावशी, आधी बसा. काय झालं?"

"बसायला न्हाई आले मी. दोन महिन्यांचं पोट होतं तिचं. पडलं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय औषधपाणी केलं होतं का. तवा ही म्हणली, मैतरणीनं सुया दिल्या हातात अन् पायात."

दोन महिने. म्हणजे ती नाडी बरोबर होती. मी तिच्याकडे बघत म्हणाले, "मावशी, मी विचारलं होतं तिला. नाडी बघून विचारलं होतं. तीच म्हणाली की..."

"न्हाई विचारलं."

हे ती बोलली. आवाज चढवून नाही, हळू. माझ्याकडे न बघता, सासूकडे वळून. "मला काईच विचारलं न्हाई, आत्याबाई. माझं डोकं फुटून राहिलं होतं. मी डोळे झाकून पडले होते. कुठं टोचलं तेबी मला कळलं न्हाई. मला तरी कुठं ठाऊक होतं दिवस गेलेत म्हणून? ठाऊक असतं तर घेतल्या असत्या का सुया?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईचे गुडघे मी महिनोन्महिने हातात घेतले होते, तिची ती नजर मी ओळखली नाही. त्या म्हणाल्या, "हिला कशाला वाटंल आमचं घर वाढावं? ह्यांना तेच पाहिजे. मीच येडी, ह्या लोकांच्या हाती घरातली बाई दिली."

बाकड्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं आपली पिशवी उचलली आणि ती जिना उतरायला लागली. तिच्यामागं दुसरी. तिसरी जराशी घुटमळली, मग तीही गेली.

मी पुढं बोलू शकले असते. आम्ही दोघी एकत्र शिकलो, तो नियम तिला माझ्याइतकाच पाठ होता, तिनंच मला त्या दोन्ही जागा सांगितल्या, हे सगळं मला म्हणता आलं असतं. तिच्या मुलींचा विचार करून मी गप्प राहिले, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. मी फक्त तिच्याकडे बघत होते, की ती आत्ता मान वर करेल. तिनं केली नाही. सासूचा हात धरून ती जिना उतरून गेली, आणि उतरताना सासूला म्हणाली, "सावकाश, पायरी तुटलीय हितं." तो आवाज अगदी नेहमीचा होता, रोज माझ्याशी बोलायची तसाच.

नांदेड मोठं गाव असलं तरी अशी गोष्ट फिरायला तिथं वेळ लागत नाही. बायका यायच्या थांबल्या. घरमालक, तो खालचा सायकलवालाच, भला माणूस, त्यानं हात जोडून सांगितलं, "बाई, खाली माझं गिऱ्हाईक आहे. उद्या कुणी चार पोरं घेऊन आलं तर मी काय करू?" अब्बा आले आणि स्वतः स्टुलावर चढून बोर्ड उतरवला. तोच हात, जो वर जात नव्हता. मी खाली उभी राहून स्टूल धरलं. घरी अम्मी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "तू पूछी थी ना उसकू? पूछी थी ना? फिर कायकू रोती?" तिला मी सांगितलं होतं, आणि तिनं एका शब्दानं शंका घेतली नव्हती.

पण शंका मलाच यायला लागली. मी विचारलं होतं ना? तो हसण्याचा आवाज, ती भाकरी, तो ठेचा, हे मी मनानं तर रचलं नाही ना? आणि त्याहून मोठं भय, की जे झालं ते माझ्याच हातानं झालं. मला जेवण जाईना. शेवटी मी एका बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ओळखीच्या नव्हत्या, मुद्दामच. सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "हे बघा, पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ जणींचं असं होतं, काही न करता होतं. सुयांनी गर्भ पडतो असं कुठं सिद्ध झालेलं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग मला धीर द्यायलाच पुढं म्हणाल्या, "अहो, सुयांनी काही होत नाही."

मी खुर्चीतून उठताना हलकी झाले होते, आणि जिना उतरेपर्यंत परत जड. सुयांनी काही होत नसेल, तर इतकी वर्षं मी काय करत होते?

जाता जाता मी त्यांना आणखी एक विचारलं होतं, एखाद्या लग्न झालेल्या बाईला मूल नको असेल तर नवऱ्याची सही लागते का. त्या म्हणाल्या, "कायद्यानं नाही लागत. बाई सज्ञान असली की तिची एकटीची पुरे. ठिकठिकाणी मागतात ती गोष्ट वेगळी." हे मी का विचारलं, ते माझं मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. मनात काहीतरी जुळत चाललं होतं.

ती माहेरी गेल्याचं कळलं तेव्हा मी एसटीनं मुखेडला गेले. बाजाराचा दिवस होता, गाडीत कोंबड्या आणि कांद्याची पोती. तिचं गाव तिथून थोडं पुढं, मी पूर्वी एकदा हुरड्याला गेले होते. ती ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं. तिच्या आईनं पाणी आणून दिलं, "ये गं बाई, लई दिसांनी" म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. म्हणजे इकडं तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "मी विचारलं होतं की नाही?"

"हाव," ती म्हणाली. "विचारलं होतंस."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी सुटेन. तसं काही झालं नाही.

"मग तुला ठाऊक होतं."

"हाव."

"मूल नको होतं?"

"दोन पोरी हायत. तिसरीबी पोरगी झाली असती तर चवथं, मग पाचवं. पोरगा होईस्तोवर आत्याबाई थांबणार न्हाईत. अन् ह्यांना काय, ते मिरच्यात." ती सुपातले खडे वेचायला लागली. "दवाखान्यात गेलं की नवऱ्याची सही मागतात."

"लागत नाही सही. मी विचारून आलेय."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, आणि मग परत सुपाकडे. "आता सांगून काय उपयोग?"

"तू मला आधी सांगितलं असतंस तर मी तेव्हाच विचारून आले असते. मी तुझ्याबरोबर आले असते. आणि इतका भरवसा होता तुझा माझ्या सुयांवर, तर निदान..."

ती मधेच हसली. वाईट हसणं नव्हतं ते, दमलेल्या माणसाचं होतं. "सुयांवर? अगं, सुयांनी कुठं काय होतंय? गोळ्या घेतल्या मी. वहिनीनं आणून दिल्या होत्या, निजामाबादकडून."

मला कळायला वेळ लागला. मी म्हणाले, "मग सुया कशाला घेतल्यास?"

"रक्त जास्त गेलं अन् दवाखान्यात न्यावं लागलं तर? डॉक्टर विचारणार, आत्याबाई विचारणार, काय केलं. काहीतरी सांगायला पाहिजे होतं. गोळ्यांचं नाव काढलं असतं तर त्यांनी मला जित्ती ठेवली असती का?"

आतून चहाचा वास येत होता. मी ओसरीच्या कडेला बसले. इतके दिवस मी एका गोष्टीला धरून होते, की तिनं फसवलं, पण निदान माझ्या हातावर विश्वास ठेवून फसवलं. तेही नव्हतं. तिला माझ्या हाताची गरज नव्हतीच. फक्त माझं नाव पाहिजे होतं.

"माझंच का?" मी विचारलं.

सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकत ती म्हणाली, "तुझ्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला. म्हणजे तू केलं ह्याच्यावर. दुसऱ्या कुणाचं सांगितलं असतं तर चौकशी केली असती." हे सांगताना तिचा आवाज खाली गेला. "अन् तुला काय, नवरा न्हाई, सासू न्हाई. तुझं काय जाणार होतं?"

"माझा दवाखाना गेला."

"आपला," ती म्हणाली.

मी उठले. तिनं माझा हात धरला. "त्या दिवशी तू बोलता बोलता गप होशील हे मला ठाऊक होतं. म्हणून तर धीर झाला माझा. दुसरी कुणी असती तर मला तिथंच उघडी पाडली असती." ती आभार मानत होती. खरंच, ते तिच्या मनापासूनचे आभार होते, आणि तिनं केलेल्या सगळ्यांत मला तेच सोसेना. मी हात सोडवून घेतला. तिची आई कपबशी घेऊन बाहेर आली आणि "अगं, चहा तरी घे" म्हणत राहिली. मी फाट्यापर्यंत चालत आले, तिथं एसटी मिळेपर्यंत एका टपरीसमोर उभी राहिले. रडू आलं नाही.

नांदेडात राहणं जमेना. लातूरला माझी खाला, अम्मीची बहीण, असते. तिच्याकडे गेले. तिथं एका वयस्कर फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात मला काम मिळालं. त्यांना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं, कारण नंतर दुसरीकडून कळण्यापेक्षा ते बरं. त्यांनी एवढंच विचारलं, "सुई स्वच्छ देता ना? मग या."

लातूर क्लासेसचं गाव. डॉक्टर व्हायला निघालेली पोरंपोरी दिवसचे दिवस पुस्तकात मान घालून बसतात, आणि मग मान आखडते, बोटांना मुंग्या येतात, झोप उडते. मी त्यांना सुया देते. त्यांतली हुशार पोरं मला हटकून विचारतात, "मॅडम, हे मेरिडियन कापून बघितलं तर दिसतात का?" मी सांगते, नाही दिसत. "मग आहेत कशावरून?" मी सांगते, मला ठाऊक नाही. पूर्वी मी दारं धरण्याचं उदाहरण द्यायचे. आता देत नाही. मान मोकळी होते कधी, कधी होत नाही. नाही झाली तर मी पुढं पाठवते.

मागच्या वर्षी एका पोरीला घेऊन तिची आई आली, नांदेडची. सुई बघून लेकीला म्हणाली, "घाबरू नको गं, मी घेतल्यात. आमच्याकडं त्या सायकलवाल्याच्या माडीवर एक ताई हायत. लई हलका हात. बाहेर सासूबाई बसतात त्यांच्या, नंबर लावतात."

मी सुई हातात धरून तशीच उभी राहिले. तीच माडी. तीच सासू, आता बाकड्याशेजारी. त्या घरमालकानं तिला खोली दिली, कारण तिच्यामुळं कुणी चार पोरं घेऊन येणार नव्हतं. ज्या बायका माझ्यासमोर पिशव्या उचलून उतरल्या होत्या, त्या परत तोच जिना चढत असणार. तिचा सुयांवर विश्वास नाही हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

त्या बाईनं विचारलं, "तुम्ही ओळखता का त्यांना?"

"हो," मी म्हणाले. "हात हलका आहे तिचा." आणि पोरीला मान खाली घालायला सांगितली.

त्या रागाचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. अम्मी म्हणते, माफ करून टाक, तुझाच जीव हलका होईल. खाला म्हणते, कधीच करू नको. मी दोघींनाही हो म्हणते. तिच्या मुलींची आठवण येते कधीकधी. थोरली आता मोठी झाली असेल. त्यांची आई तिसऱ्या बाळंतपणातून सुटली याचं मला वाईट वाटत नाही, आणि हे मी तिला कधी सांगणार नाही.

परवा दुपारी फोनवर एका अनोळखी नंबरवरून फोटो आला. कुणातरी बाईचा पाय, टाच भेगाळलेली, पोटरीवर निळसर गाठ. खाली लिहिलेलं, "इथं सुई द्यावी का? गाठ गरम लागते. पाय कालपासून सुजलाय." नाव नव्हतं, गरजही नव्हती. फोटोच्या कडेला तिचा हात आला होता. अंगठ्याजवळचा जुना भाजल्याचा डाग मला चांगला ओळखीचा.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. एका पेशंटला वाफ दिली. दुसऱ्याचं नाव पुकारलं. मग परत फोन उचलला, कारण तो पाय तिचा नव्हता. कुण्या तिसऱ्याच बाईचा होता, जी माझ्याशी कधी काही वाईट वागली नव्हती.

मी लिहिलं, "सुई देऊ नको. चोळू नको. रक्ताची गाठ असू शकते. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात पाठव."

थोड्या वेळानं आलं, "पाठवलं." आणि मग, "तू कशी हायस, डॉक्टर?"

ते मी वाचलं. फोन खणात ठेवला. बाहेर बाकड्यावर एक पोरगा मान वाकडी करून बसला होता, त्याला आत बोलावलं.